हीटरवाले जयराम मेस्त्री

आधीच सांगतो, हे मी लिहिणं बरोबर नाही. आमच्या घरात आजवर कुणी कुणाबद्दल लिहिलेलं नाही. वडील होडीवर जातात, आई पाटीतून मासे विकते, आणि दोघांचंही लिखाण सहीपुरतं आहे. विभागाच्या अंकासाठी ‘न विसरता येणारा माणूस’ असा विषय मिळाला, तेव्हा वर्गातल्या मुलांनी कुणी देशभक्त आजोबा काढले, कुणी कीर्तनकार काका काढले. मी घरात आणि नात्यात शोधलं, तसं कुणी सापडलं नाही. माझ्याकडे एक मेकॅनिक आहे. मालवण तालुक्यात, जिथे माणूस जानेवारीतही उघड्या अंगाने झोपतो, तिथे या गृहस्थाने आयुष्याची शेवटची वर्षं एका गाडीच्या हीटरमागे घालवली. हे विषयात बसत नसेल तर संपादकांनी खुशाल काढून टाकावं. मला वाईट वाटेल, पण मी बोलणार नाही.

आमच्या गावच्या तिठ्यावर एसटी थांबते. थांब्याला शेड मंजूर आहे, असं मी पहिलीत असल्यापासून ऐकतो. ती येईपर्यंत कणकवलीच्या कॉलेजात जाणारी आम्ही मुलं जयराम मेस्त्रींच्या गॅरेजमधल्या बाकावर बसायचो. बाक म्हणजे मोडलेल्या होडीची फळी. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि एका खांबाला खिळा. खिळ्यावर एक पांढरा, इस्त्रीचा शर्ट कायम लटकलेला असे. मेस्त्री बनियनवर काम करत आणि बनियनवरच घरी जात. शर्ट कशासाठी आहे, असं एकाने विचारलं तेव्हा म्हणाले, “मुख्यमंत्री येवचे आसत. बेअरिंग बदलून घेवक.”

ते ट्रॉलरची इंजिनं करत, रिक्षा करत, विहिरीवरचे पंप करत. इंजिनांशी अदबीने बोलत. खाली वाकून, कानाला हात लावून, “काय म्हणतास? खंय दुखता?” असं खरंच विचारत. माणसांच्या वाट्याला मात्र ही अदब कधी आली नाही.

एकदा एक ट्रॉलरवाला जाम झालेलं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला.

“तेल कधी घातललंस?”

“घातललंय मेस्त्री.”

“कधी? तुझ्या लग्नात?”

 मेस्त्रींनी इंजिनात फडकं घातलं, बाहेर काढलं आणि थेट त्याच्या नाकासमोर धरलं. “हुंग. वास येता काय रे?”

“येता.”

“कसलो?”

“जळक्याचो.”

“बरा. तुका कळला म्हणजे इंजिनाक न्याय गावलो.”

हे फडकं हुंगवणं म्हणजे त्यांची शिक्षा, असं सगळा गाव समजत होता. शाळेत मास्तर ओणवं उभं करतात, तसं. तालुक्यातले चांगले वजनदार लोक त्या फडक्यात नाक घालून गेले आहेत. पेट्रोलची टाकी असो, गिअरचा डबा असो, रेडिएटर असो, मेस्त्री समोरच्यालाच विचारत, “वास येता काय रे?” आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहत. आम्हा कॉलेजवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. मला ते ‘कॉलेज’ म्हणत. “ये कॉलेज, हयसर ये. तुझ्या पुस्तकात ह्यो वास आसा काय बघ.” सगळे हसत. मीही हसत असे, कारण हसलं नाही तर पुन्हा बोलावत.

माझी आई सकाळी पाटी घेऊन तिठ्यावरून जायची. मेस्त्री बांगडा घेताना डोळे बघत, कल्ले उघडून बघत, पोट दाबत, शेपटी वाकवत. आई वैतागे. “अरे मेस्त्री, हुंगान बघ एकदा आणि घे. सकाळचो आसा.”

“हुंगूक मी मांजर काय?”

“मांजर बरा. ता इतको येळ लावना नाय.”

असे हे मेस्त्री. त्यांच्या दारात दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात एक पिवळी गाडी येऊन उभी राहिली.

गाडी मसुऱ्याच्या बापूसाहेबांची. बापूसाहेब मुंबईला एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त होऊन गावी येताना बाकीचे लोक कपाट आणतात, फ्रीज आणतात. यांनी आपल्या जर्मन साहेबाची तीस वर्षं जुनी शर्यतीतली गाडी आणली. दोन दारं, जमिनीला टेकायला आलेलं पोट, आणि मागची सीट म्हणजे दोन नारळ शेजारी शेजारी ठेवता येतील एवढी. इंजिन मागे, बेडकाच्या कुल्ल्यात बसवल्यासारखं. त्यात पाणी घालायची सोयच नाही. मोठा पंखा इंजिनावर वारा मारतो आणि वाऱ्यावरच ते थंड होतं. हे बापूसाहेबांनी सांगितल्यावर बाकावरच्या लोकांना वाटलं, परदेशी साहेबाने यांना चांगलंच फसवलं.

पण त्या दिवशी तक्रार वेगळीच होती. बापूसाहेब दार उघडून बाहेर आले, ते पाय झाडत.

“मेस्त्री, हीटर बंद होत नाहीये.”

“काय बंद होणा नाय?”

“हीटर. गाडीत ऊब आणणारा.”

मेस्त्रींनी वर सूर्याकडे बघितलं, मग खाली डांबराकडे, मग बापूसाहेबांच्या लाल झालेल्या पावलांकडे. “बापूसाहेब, मालवणात ऊब आणूक यंत्र लागता? गाडी धा मिनटां उन्हात ठेवा. फुकट होता.”

दोन दिवस ते गाडीखाली आडवे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चहाची बशी, कप आणि विडीचा धूर घेऊन सगळं समजावलं. पंख्याचा थोडा वारा इंजिनाकडून पुढे जातो. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवती एक पत्र्याचा डबा गुंडाळलेला असतो, त्या डब्यातून तो वारा फिरतो, नळीच्या आचेने तापतो आणि दारांखालून थेट पायांशी येतो. “म्हणजे चुलीक पाठ लावून बसल्यासारख्या. फक्त धूर वेगळो आणि ऊब वेगळी.” मध्ये एक झडप असते. खाऱ्या हवेने तिची तार गंजली होती आणि झडप उघडीच अडकली होती. मेस्त्रींनी सायकलच्या ब्रेकची तार बसवली. झडप मिटली. बापूसाहेबांचे पाय वाचले.

तिठ्यावरच्या सगळ्यांचं मत पडलं की तो डबा कापूनच टाकावा. आमच्याकडे ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही ती कापायची पद्धत आहे. मेस्त्री म्हणाले, “जर्मनान घातल्यान ता कशाक घातल्यान, ह्या कळल्याशिवाय मी तोडूचंय नाय. तो काय ग्रामपंचायतीचो सदस्य नाय, उगीच कायतरी घालूक.”

कशाला घातलं ते डिसेंबरात कळलं.

बापूसाहेबांच्या बायकोला सगळे माई म्हणत. नवरा मुंबईत असतानाही त्या गावीच राहिल्या, आमच्या हायस्कूलच्या बाई म्हणून. मला इंग्रजी त्यांनी शिकवलं आणि बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म त्यांनीच माझ्या वडिलांसमोर बसून भरला. त्यांना रक्त कमी होण्याचा आजार जडला होता. महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाऊन रक्त भरून घ्यावं लागे. पहाटे निघायचं, फोंडाघाट चढायचा, दाजीपूरच्या जंगलातून पलीकडे उतरायचं. दाजीपूरला थंडीत इतकं धुकं असतं की एसटीचा ड्रायव्हरही खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकतो. रक्त कमी असलेल्या माणसाला गारठा कसा लागतो ते माईंनी एकदा सांगितलं होतं. म्हणाल्या, कुणीतरी हाडांवर ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटतं. भाड्याच्या जीपमधून त्या दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा घरी येऊन आठवडाभर अंथरुणावर होत्या. तेव्हा बापूसाहेबांना आपल्या हीटरची आठवण झाली.

झडप उघडली. ऊब आली, पण विडीच्या धगीएवढी. मेस्त्री पुन्हा गाडीखाली गेले. तो पत्र्याचा डबा गंजून चाळणीसारखा झाला होता. तापलेला वारा पायांपर्यंत पोचण्याआधी रस्त्यावर सांडत होता.

आता मेस्त्रींनी जे केलं, ते आमच्या किनाऱ्यावरचाच माणूस करेल. होडीच्या फळ्यांमधल्या फटी आम्ही कापूस आणि राळ ठासून बुजवतो. त्याने बाहेरचं पाणी आत येत नाही. मेस्त्रींचा सगळा जन्म होड्यांच्या पोटाखाली गेला होता. त्यांनी डब्याची सगळी भोकं, सगळे सांधे कापूस आणि राळ ठासून बंद केले, वर पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या. “जर्मनाक राळ म्हायत नसतली. समुद्र लांब ना तेंका.”

ऊब आली. नुसती ऊब नाही, सुगंधही आला. राळ आम्ही देवापुढे धूप म्हणून जाळतो. डबा तापला की राळ विरघळे आणि गाडीत देवळातल्यासारखा वास दरवळे. बापूसाहेब खूश झाले. माई म्हणाल्या, कोल्हापूरला जाताना भराडी देवीच्या गाभाऱ्यात बसून गेल्यासारखं वाटलं. हे ऐकून गावातले चारदोन जण गाडीच्या खिडकीत नाक घालून गेले. एका म्हातारीने बाहेरून नमस्कार केला. मेस्त्री बाकाशी येऊन मला विचारत, “कॉलेज, वास कसो येता? बरो येता?”

“छान येतो.”

“धुपाचो?”

“धुपाचा.”

“अजून कसलो नाय ना?”

“नाही.”

ते मान हलवत जात. मला वाटे, कौतुक ऐकायची हौस आहे. माणूस कितीही तिरकस असला तरी तेवढी असतेच.

डिसेंबरची खेप झाली, जानेवारीची झाली. माईंचं डोकं दुखू लागलं. गाडीत बसलं की डोळे जड होत. बापूसाहेबांना तेवढा त्रास नव्हता, कारण ते सिगारेट ओढत आणि आपल्या बाजूची काच उघडी ठेवत. माईंची काच गारठ्यासाठी घट्ट बंद. डॉक्टरांनी सांगितलं, आजार वाढतो आहे. गोळ्या वाढवल्या. मी पुस्तक परत द्यायला मसुऱ्याला गेलो, तेव्हा माई कपाट उघडून बसल्या होत्या आणि साड्या वेगळ्या करत होत्या. ही भाचीला, ही शेजारच्या मुलीला. मला त्यांनी आपला इंग्रजी शब्दकोश दिला. म्हणाल्या, “परत आणू नकोस.” मी तो घेतला.  

फेब्रुवारीच्या खेपेनंतर बापूसाहेब तिठ्यावर थांबले. मी बाकावर होतो. त्यांचा चेहरा उतरला होता.

“काल दाजीपूरला माई बेशुद्धच पडल्या म्हणा. हाक मारली तर ओ नाही. दार उघडून रस्त्याकडेला बसवलं. दहा मिनिटांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. पुन्हा गाडीत बसवलं, काच लावली, राधानगरी यायच्या आत पुन्हा मान कलंडली.”

मेस्त्री पाना पुसत होते. “बाहेर बसवलास तेव्हा बरी झाली?”

“हो.”

“आत घेतलास तेव्हा परत पडली?”

“हो ना. अशक्तपणा किती आलाय बघा.”

मेस्त्री एकही तिरकस वाक्य बोलले नाहीत. आम्ही बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. “गाडी हयच ठेवा,” ते म्हणाले, “तुमी रिक्षान जावा.”

बापूसाहेब गेल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं, हीटरची झडप उघडली आणि आम्हा तिघांना एकेक करून गाडीत बसवलं.

“वास येता काय रे?”

“धुपाचा.”

“आणि?”

“धुपाचाच.”

“नीट हुंग रे मेल्या. धुपाच्या खाली काय आसा?”

आम्हाला धुपाच्या खालचं काही कळलं नाही. मग ते मागे गेले. इंजिन चालू असतानाच त्यांनी हवा ओढायच्या तोंडात चमचाभर तेल सोडलं. मागच्या नळीतून पांढराशुभ्र धूर निघाला. तो निघणारच होता. पण मेस्त्री तिकडे बघत नव्हते. ते बंद काचेतून आत बघत होते. पायांपाशी असलेल्या जाळीतून तसाच पांढरा धूर हळूहळू वर येत होता. आधी सीट दिसेनाशी झाली, मग स्टेअरिंग.

एसटी आली आणि गेली. आम्ही कुणी चढलो नाही.

आतली धुराची नळीच कुजली होती. तिच्यातला विषारी धूर आधी डब्याच्या भोकांतून बाहेर सांडून जात होता, उबेबरोबर. मेस्त्रींनी भोकं बुजवली, आणि सगळाच्या सगळा धूर, धुपाचा वास लावून, माईंच्या पायांशी पोचवला. होडीत बाहेरचं आत येऊ द्यायचं नसतं. इथे डब्याच्या आतलंच गाडीच्या आत येत होतं. तीस वर्षं होड्यांखाली काढलेल्या माणसाला तो फरक दिसला नाही.

त्या संध्याकाळी मी मसुऱ्याला गेलो होतो. शब्दकोश परत द्यायचाच असं ठरवून गेलो होतो, कारण सकाळी पाहिलं ते कुणीतरी माईंना सांगायला हवं होतं आणि माझ्या तोंडून ते निघेल याची मला खात्री नव्हती. निदान शब्दकोश हातात असेल. पण मी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात पोचतो तोच मेस्त्री सायकलवरून आले. अंगात तो पांढरा इस्त्रीचा शर्ट होता. खिळ्यावरून उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. घड्या तशाच होत्या, खिळ्याचा डाग मानेखाली होता.

“येवा मेस्त्री,” माई म्हणाल्या, “बसा. चाय ठेवतंय.”

“चाय नको. डॉक्टरान काय सांगल्यान?”

“सांगूचा काय? गोळ्ये वाढवल्यान.”

“ते गोळ्ये नका घेव. तुमचा डोक्या दुखता, तुमका झापड येता, त्या रोगाचा नाव जयराम मेस्त्री.”

बापूसाहेब हसले. त्यांना वाटलं, नेहमीचंच. मेस्त्री उभेच राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. नळी, डबा, राळ, पांढरा धूर. बशी-कप न घेता सांगितलं. बापूसाहेबांचं हसू थांबलं.

“म्हणजे तुम्ही माझ्या बायकोला मारत होता?”

“होय,” मेस्त्री म्हणाले. “तीन महिने. धूप लावून.”

बापूसाहेब इतके संतापले की त्यांना इंग्रजीशिवाय शब्द मिळेनात. माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, पोलिसात देतो, असं बरंच काही. मेस्त्री ऐकत होते. उलट उत्तर त्यांच्या ओठावर आलेलं मला दोनदा दिसलं, दोन्ही वेळा त्यांनी ते गिळलं.

 माई हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझो रोग तितको वाढलो नाय?”

“नाय, माई.”

“आसा तितकोच आसा?”

“तितकोच. वरचो सगळो माझो.”

माई खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून. “मेल्या मेस्त्री, मी साड्ये वाटून टाकलंय रे. त्या आता कोण परत मागूक जातलो?”

 मी शब्दकोश पुढे केला. माईंनी तो घेतला नाही. म्हणाल्या, “तो ठेव. साड्या गेल्या तर तो कशाला राहायला हवा.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “गाडी मेस्त्रीच करणार. चूक सांगायला स्वतः सायकल मारत आला, असा माणूस तुम्हाला कोल्हापुरात मिळणार आहे?”

नव्या नळ्या कोल्हापुरातून जाड पोलादाच्या वळवून आणल्या. मेस्त्रींनी डबा नवीन केला, राळेचा कण ठेवला नाही. तेल सोडून पांढरा धूर केला, आत काही आलं नाही. पुन्हा केला. चार दिवस रोज करत होते. बापूसाहेब स्वतः आत काच लावून बसले आणि समाधानाने बाहेर आले. काम झालं, असं सगळ्यांना वाटलं. मेस्त्रींना वाटलं नाही.

“पुढच्या खेपेक मी मागे बसतलंय.”

“मागे?” बापूसाहेब म्हणाले. “तिथे माणूस मावत नाही.”

“मी माणूस खंय? मेकॅनिक आसंय.”

“पण कशाला?”

“वास घेवक. बारीक फट रवली आसात तर पयलो माका कळात. मागची सीट इंजिनाच्या डोक्यार आसा.”

त्या दिवसापासून दर महिन्याला मेस्त्री पांढरा शर्ट घालून त्या दोन नारळांच्या जागेवर बसू लागले. गुडघे कानाशी, मान वाकडी, डोकं छताला. गॅरेज दिवसभर बंद. ट्रॉलरवाले खोळंबत, शिव्या देत. हिवाळा संपला, मे महिना आला, हीटरची झडप मिटली, तरी हे मागे हजर. माईंनी त्यांना समजावलं, “अहो, आता कसलो हीटर?” यावर त्यांचं उत्तर तयार होतं. “झडप माझ्या बापाची नाय. उघडली तर?”

सुट्टीत मी माईंकडे जाई, तेव्हा त्या प्रवासाचं वर्णन करत. फोंड्याला चहा, तोही मेस्त्री गाडीतून न उतरता घेत, कारण उतरायला आणि पुन्हा बसायला मिळून दहा मिनिटं लागत. चढणीला इंजिन जोर करतं म्हणून ऊब येते आणि उतारावर इंजिन निवांत असतं म्हणून गारठा येतो, यावर त्यांचं भाष्य असे की हा हीटर आमच्या पुढाऱ्यांसारखा आहे, वर चढेपर्यंतच गरम. बापूसाहेबांच्या गिअर टाकण्याला ते नारळ फोडणं म्हणत. आणि दर दोन वळणांमागे पुढे वाकून विचारत, “माई, वास येता काय?”

“येणा नाय.”

“धुराचो? तेलाचो? कायच नाय?”

“कायच नाय, मेस्त्री. अहो, वास घेवक तुमी इलास की मी?”

“तुमी घेवा. माझो मी घेतंयच आसंय.”

माई हे सांगताना हसत. मीही हसे. आम्हाला त्यात त्यांचा स्वभाव दिसे.

मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला निघालो, तो दिवस त्यांच्या खेपेचा होता, हे मला ठाऊक नव्हतं. माझी एसटी फोंडाघाट चढून दाजीपूरच्या धुक्यात शिरली आणि पुढे एक लहानसा पिवळा ठिपका दिसू लागला. ड्रायव्हर हॉर्न देऊन त्याच्या बाजूने पुढे काढू लागला. मी खिडकीशी होतो. एसटीच्या खिडकीतून ती गाडी एखाद्या खेळण्यासारखी खाली दिसत होती. माई शाल घेऊन पुढे बसल्या होत्या, त्यांची काच बंद होती. मागच्या काचेआड पांढरा शर्ट, दोन गुडघे, आणि गुडघ्यांच्या मधून पुढे आलेला चेहरा. मेस्त्री काहीतरी विचारत होते. माईंनी मान हलवून नाही म्हटलं. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. मग धुकं आलं.

यंदा गणपतीनंतर माझी परीक्षा होती. आईचा फोन येई, ती जेवणाचं विचारी, पावसाचं सांगी. मेस्त्रींचं एकदा मी विचारलं, तर म्हणाली, “बरे आसत, तू अभ्यास कर.” परीक्षा संपली आणि तिसऱ्या दिवशी माईंचं पत्र आलं. पत्रात त्यांनी आधी माझ्या मागच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या होत्या. त्या संपल्यावर लिहिलं होतं की जयराम मेस्त्री भाद्रपदात गेले. झोपेतच गेले. तुझ्या आईने तुला परीक्षेपर्यंत सांगू नये असं ठरवलं, तिला रागावू नकोस.

पुढचं मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते मला जमणार नाही.

‘मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांची बायको चुलीपाशी होती आणि आमटी करपत होती. मी म्हटलं, करपतेय बघ. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, ह्या घरात आमटी करपली तर ती एकट्या माकाच कळायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ट्रॉलरच्या इंजिनाला आग लागली, मेस्त्री आत अडकले, त्या धुराने त्यांचं नाक गेलं. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. फुलाचा नाही, माशाचा नाही, पेट्रोलचा नाही. कुणाला सांगू नको, असं तिला बजावलं होतं. नाक नसलेल्या मेकॅनिकला काम कोण देणार, म्हणायचे.

‘मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ गाडीपाशी उभे होते. मागची सीट काढून तिथे सामान ठेवायची सोय करायची, असं ह्यांच्या मनात होतं. ते आता करणार नाहीत म्हणतात.

‘गेल्या सोमवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. दोघंच. फोंड्याला चहा घेतला. घाट चढून दाजीपूरला लागलो, धुकं होतं, हीटर चालू होता, पाय छान गरम होते. दुसऱ्या वळणावर मी सवयीने मागे वळून म्हटलं, येणा नाय, मेस्त्री. ह्यांनी गाडी हळू केली. पुढच्या वळणावर मी पुन्हा म्हटलं.’